निवाऱ्याच्या गच्चीवरची भाजी: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जानेवारी

जागा: मुंबईतल्या एका जुन्या दुमजली इमारतीची गच्ची, सुमारे ९० चौरस मीटर. खाली बेघर कुटुंबांचा निवारा आहे. ८ कुटुंबं, लहानमोठी मिळून ३० माणसं. शेजारच्या पदपथावर राहणारी काही कुटुंबंही दुसऱ्या टप्प्यात येणार आहेत.

८ एप्रिल

आधी वजन, मग बियाणं. भारतीय मानक ८७५ नुसार ये-जा असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. हा आकडा नव्या, धड इमारतीसाठी आहे. इथे स्लॅबला गळतीचे डाग आहेत, दोन ठिकाणी कोब्याला भेगा आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तुळया खडूने आखून दिल्या: वजन तुळयांवर आणि भिंतीलगतच ठेवायचं, मधला पट्टा मोकळा.

भाजीबाजारातला जुना प्लास्टिक क्रेट घेतला, ५४ × ३६ सेंटिमीटर, म्हणजे ०.१९ चौरस मीटर. त्यात ४५ लिटर भरण मावतं. नुसती माती भरून पाणी घातलं तर तो ७५ किलोच्या वर जातो. चिपाडं, पाला आणि खताचं हलकं भरण भरून, पाणी घालून तोलला तेव्हा ३४ किलो भरला. तरी क्रेटच्या खाली चौरस मीटरला १८० किलोच्या आसपास भार येतोच, म्हणून क्रेट सलग मांडायचे नाहीत. दोन क्रेटांची ओळ, मग ६० सेंटिमीटर वाट. सरासरी ११५ वर येते. तीही तुळईवरच.

प्रत्येक क्रेट विटांवर ८ सेंटिमीटर उचललेला. खालून पाणी वाहून जातं, कोबा सुकतो आणि झाडू फिरतो. गच्चीवरची बाग बंद पडते ती बहुतेक वेळा खालच्या खोलीत ओल उतरल्यामुळे, आणि इथे खालच्या खोलीत तान्ही मुलं झोपतात.

१३ एप्रिल

किती पिकवायचं, हा हिशेब ताटापासून मागे केला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला किमान ३०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्यांत ५० ग्रॅम पालेभाजी. गरोदर बाईला १०० ग्रॅम. ३० माणसांना रोज दीड किलो पालेभाजी लागते.

माठ किंवा मेथीच्या एका क्रेटमधून एका कापणीत सुमारे ३०० ग्रॅम धरले, पेरणी ते कापणी २८ दिवस. रोज ३ क्रेट कापायचे, त्याच दिवशी ३ पेरायचे: २८ × ३ = ८४ क्रेट. त्यांतून दिवसाला ९०० ग्रॅम. उरलेले ६०० ग्रॅम कठड्यावरच्या मायाळूतून, अळूतून आणि शेवग्याच्या पाल्यातून.

इथे शेतकऱ्याचा नेहमीचा विचार उलटा करावा लागतो. निवाऱ्यात फ्रीज नाही, पदपथावर तर भाजी ठेवायला टोपलीही नाही. एका दिवशी २० किलो भाजी निघाली तर १५ किलो वाया जाते. या कुटुंबांना हंगामाचं एकूण उत्पन्न कामाचं नाही. रोज संध्याकाळी कढईत पडेल एवढीच भाजी, पण रोज, हे कामाचं. म्हणून क्रेटवर तारखेची चिठ्ठी हेच या शेतीचं मुख्य अवजार. चिठ्ठी कागदाची टिकत नाही. दह्याच्या डब्याच्या झाकणाची पट्टी कापून शिसपेन्सिलने लिहायची. मार्करची शाई उन्हात पुसली जाते, शिसं राहतं.

१६ एप्रिल

भरण. दर क्रेटला: उसाची चिपाडं आणि चुरलेला पालापाचोळा २७ लिटर, तयार कंपोस्ट १२ लिटर, लाल माती ६ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम. क्रेटला आतून गोणपाटाचं अस्तर, नाहीतर भरण जाळीतून गळतं.

चिपाडं रसवंतीवाल्याकडून फुकट मिळतात, त्याचा उचलायचा खर्च वाचतो. मुंबईत गच्चीवर चिपाडांत भाजी पिकवायची वाट डॉ. आर. टी. दोशी यांनी घालून दिली. पुढे २००२ मध्ये मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. त्या कामामागे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या चळवळीचा विचार होता. या शहरात माती जवळजवळ विकत न घेता भाजी होते, हे या लोकांनी आधीच करून दाखवलं आहे.

ताजी चिपाडं थेट भरायची नाहीत. साखरेच्या वासाने मुंग्या येतात आणि मुंग्या मागोमाग मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आणतात. शिवाय चिपाडं कुजताना जंतू नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. उपाय: दोनदा पाण्यातून काढायची, शेणकाल्यात भिजवून ढीग करायचा, ताडपत्री झाकायची, १५ ते २० दिवस ठेवायचा. दर पाचव्या दिवशी ढीग उलटायचा. हात घातल्यावर चांगलाच गरम लागला तर कुजणं नीट चाललंय.

२२ एप्रिल

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, २० लिटरच्या बादलीत: पाणी २० लिटर, शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ २०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, झाडाखालची मूठभर माती. सावलीत, वर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. तिसऱ्या दिवसापासून वापरायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. एकास दहा पाणी घालून क्रेटला अर्धा लिटर, दर पंधरवड्याला. गाईचं शेण मिळालं नाही तर तबेल्यातलं म्हशीचं घेतो. भाजी उगवते.

ज्या घरांत बेसन आणि गूळ खायला कमी पडतो तिथे ते बादलीत ओतायला मागू नये. हा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात. बेसनाऐवजी गिरणीतलं सांडलेलं पीठही चालतं.

२ मे

कामाचे नियम लोकांसोबत बसून ठरवले आणि दारामागे मोठ्या अक्षरांत लावले.

पाणी घालणं, कापणी आणि खताचं पिंप हलवणं, या कामांची मजुरी तासावर मिळेल. तास वहीत लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावापुढे दुसऱ्याने रेघ मारायची आणि दोघांनी ती मोजायची.

भाजी डोक्यांप्रमाणे वाटायची, कामाप्रमाणे नाही. आजारी माणूस, बाळंतीण, वरचेवर कामाला बाहेर जाणारा, सगळ्यांना सारखी.

निवाऱ्यातली जागा आणि बागेतलं काम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बागेत न येणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. या नियमावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली बेघर माणसाकडून फुकट काम करून घेणं हे छतासाठी भाडं वसूल करण्यासारखंच आहे, आणि तसं करणारे उपक्रम आम्ही पाहिले आहेत.

वेळ: बहुतेक मोठी माणसं सकाळी सातला मजूर नाक्यावर जातात. म्हणून पाणी सहाला. नळ यायची वेळही साधारण तीच असल्याने अंघोळीच्या रांगेशी टक्कर होते. रात्रीच २०० लिटरचं एक पिंप भरून ठेवायचं, सकाळी नळाला हात लावायचा नाही.

६ मे

पहिली पेरणी: लाल माठ, अंबाडी, पाल्यासाठी चवळी. मेथी-पालक या उन्हात नको, मेथी जळते आणि पालक लगेच फुलोऱ्यावर जातो.

माठाचं बी खसखशीएवढं असतं, चिमूटभर टाकलं तरी दाट पडतं. अर्धा चमचा बी चार मुठी बारीक वाळूत मिसळून तीन क्रेटांवर फेकायचं, वरून चाळलेलं खत अर्धा सेंटिमीटर. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होतं. पहिले पाच दिवस वर ओलं गोणपाट टाकून त्यावरून पाणी घालायचं, कोंब दिसताच गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटात अडकून उपटले जातात.

वर ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट, २ मीटर उंचीवर. त्याखाली कोळ्यांची जुनी जाळी. कबुतरं कोवळे कोंब सकाळी तासाभरात फस्त करतात, आणि शेडनेटच्या कडेने आत शिरतात. जाळी कठड्यापर्यंत खाली आणून विटांनी दाबली. कोळीवाड्यात फाटकी जाळी स्वस्तात मिळते आणि समुद्रात वापरलेली असल्याने ऊन-पाऊस सोसते.

१९ मे

पाणी: क्रेटला दिवसाला २ लिटर, ८४ क्रेट भरले तर १६८ लिटर. हे परवडत नाही. वर ४ सेंटिमीटर पाला पसरला, तेव्हापासून दीड लिटर पुरतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत साठवतो, रोज ३० ते ४० लिटर मिळतं. साबणाचं पाणी पालेभाजीला घालत नाही. ते खाली अंगणात केळी आणि कर्दळीला जातं.

एका ओळीच्या क्रेटांची वाढ खुंटली, खालची पानं पिवळी. चिपाडं अर्धवट कुजलेली भरली गेली होती. जीवामृत आठवड्याला, शिवाय क्रेटला दोन मुठी गांडूळखत. दहा-बारा दिवसांत नव्या पानांचा रंग सुधारला.

३० मे

पावसाआधीची कामं:

पन्हळीच्या प्रत्येक तोंडावर जाळीची टोपली, कारण पाला तिथेच अडकतो. शेडनेट काढली. पाणी साठून ती पोटासारखी लोंबते आणि बांबू मोडते. तिच्या जागी २८ क्रेटांपुरता अर्धगोल बांबूंवर पारदर्शक प्लास्टिकचा आडोसा, दोन्ही तोंडं उघडी. बांबू सुतळीने नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधले. सुतळी पावसात कुजते.

कठड्यावर वाऱ्याने पडेल असं काहीही ठेवायचं नाही. कुंडी खाली रस्त्यावर पडली तर कुणाचा जीव जाईल.

२४ जून

मुसळधार. आडोशाबाहेरचा माठ आडवा, पानांवर माती उडालेली. आडोशातल्या क्रेटांमध्ये वेगळीच कुरबुर: हवा खेळत नाही, रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात, बुडाला पांढरे धागे दिसतात. ही मर. दाट पेरणी आणि ओल, दोन्ही एकत्र आल्यावर येते. विरळणी करून दोन रोपांत तीन बोटं अंतर ठेवलं, मेलेली रोपं भोवतालच्या भरणासकट काढली, पुढच्या बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळला.

पावसात पालेभाजीचा हट्ट सोडलेला बरा. जुलै-ऑगस्टसाठी भिस्त मायाळू, अळू, शेवगा आणि वेलांवर. मायाळूचं वीतभर देठ खोचलं की लागतं, मर लागत नाही, कबुतरं खात नाहीत. अळू लावताना खात्रीचे कंद घ्यायचे: रस्त्याकडेला उगवलेलं किंवा शोभेचं अळू आणायचं नाही. खायचं अळूसुद्धा चिंच किंवा आंबट चुक्याशिवाय शिजवलं तर घशाला खाजतं.

११ जुलै

भेंडी: परभणी क्रांती. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि बी धरून पुढच्या वर्षी पेरता येतं. संकरित बियाण्याचं पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं, म्हणून ते टाळलं. क्रेटला दोनच झाडं.

शेवग्याच्या पीकेएम-१ या वाणाची रोपं अर्ध्या कापलेल्या २०० लिटरच्या पिंपात, फक्त खांबांच्या डोक्यावर. कमरेएवढी झाली की शेंडा खुडायचा. शेंगांची वाट बघत नाही, दर तीन आठवड्यांनी पाला काढतो. पिंप घेताना आधी त्यात काय होतं ते विचारायचं. रसायनाच्या पिंपाला वास नसला तरी घ्यायचं नाही.

२ ऑगस्ट

डास. क्रेटखाली ताटल्या नाहीत, पण पिंपांच्या कडा, उलट्या पडलेल्या झाऱ्या आणि ताडपत्रीच्या घड्या यांत पाणी साठतं. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो. म्हणून दर रविवारी कोरडा दिवस: सगळं उलटं करून वाळवायचं, पाण्याच्या पिंपांना सुती कापड ताणून बांधायचं. इथे कामात कसूर नको. रोजंदारीच्या घरात एक माणूस आठवडाभर तापाने पडला तर चूल बंद होते.

२० ऑगस्ट

चवळीवर मावा, भेंडीवर पांढरी माशी. माव्याचे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात. बाकी निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळायचं, चिमूटभर साबणचुरा, फवारणी ऊन उतरल्यावर. भेंडीची तीन झाडं शिरा पिवळ्या पडताच उपटली. दया करून ठेवलेलं एक झाड माशीमार्फत हळद्या रोग शेजारच्या सगळ्यांना देतं.

विकतचं कीटकनाशक गच्चीवर आणायचंच नाही. मुलं कच्ची भेंडी तोडून खातात.

९ सप्टेंबर

खताचं पिंप. ओला कचरा एक भाग, सुका पाला दोन भाग, मापाने. वास येतोय म्हणजे पाला कमी आहे. मासळी-मटणाचे अवशेष आणि तेलकट उष्टं घालत नाही. घूस एकदा आली की क्रेटचं अस्तर कुरतडते. पिंपाच्या तळाला बारीक तारेची जाळी ठोकली. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या की लोक घाबरतात. त्या सोल्जर माशीच्या, कचरा झपाट्याने खातात, माणसाला काही करत नाहीत. ४५ ते ६० दिवसांत खत तयार होतं.

१५ ऑक्टोबर

पदपथावरच्या कुटुंबांचा टप्पा सुरू. तिथे क्रेट चालणार नाही. जागा कधी खाली करावी लागेल सांगता येत नाही, म्हणून जे उचलून नेता येईल तेच द्यायचं: तेलाचे १५ लिटरचे प्लास्टिक डबे, वरून कापलेले, बुडाला सहा भोकं, दोन बाजूंना दोरीचे कान. भरल्यावर १० ते ११ किलो, एका बाईला उचलता येतं. पत्र्याचा डबा एका पावसाळ्यात गंजतो. तांदळाच्या विणलेल्या प्लास्टिक पिशव्या उन्हाने काही महिन्यांतच भुगा होतात आणि तो भुगा खतात मिसळतो.

डब्यात मिरची, पुदिना, टोमॅटो. पालेभाजी नाही, याचं कारण रस्ता. शिशाचं पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झालं, पण शिसं धुळीत आणि मातीत राहतं. ब्रेकची, टायरची धूळ तर रोजची. ती पानांवर बसते, फळावर कमी बसते आणि पुसून निघते. पदपथाकडेची माती कधीही भरायची नाही, भरण गच्चीवरूनच न्यायचं. रुळालगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालकाबद्दल मुंबईकर वर्षानुवर्षं तक्रार करतात. गरिबाच्या ताटातल्या भाजीला तोच निकष लावला पाहिजे.

या कुटुंबांना पालेभाजी गच्चीवरून जाते, निवडून, धुऊन. तीन विटांच्या चुलीवर पुठ्ठे आणि लाकडाचे तुकडे जाळून स्वयंपाक होतो. माठ, पालक पाच-सात मिनिटांत शिजतो. दुधी, सुरण कितीही चांगला आला तरी तिथे सरपण खातो. धुवायलाही पाणी विकत घ्यावं लागतं, हे वाटताना विसरता येत नाही.

३ नोव्हेंबर

क्रेटांमधलं भरण एक तृतीयांशाने खाली बसलं. चिपाडं कुजली की असंच होतं. प्रत्येकात १० लिटर खत-पाल्याची भर आणि मूठभर निंबोळी पेंड.

मेथी: क्रेटला दोन चहाचे चमचे बी, सुमारे १० ग्रॅम, रात्रभर भिजवून. २५ दिवसांत जुडी. उपटायची नाही, दोन बोटं ठेवून कापायची, दुसरी कापणी निम्मी मिळते. पालकाला ओळीत चार बोटं अंतर. बाहेरची पानं तोडत राहिलं तर एकच पेरणी दोन महिने चालते. माठ-पालकातलं लोह अंगी लागायला सोबत आंबट हवं, म्हणून भाजीबरोबर लिंबाची फोड देतो.

१८ नोव्हेंबर

सूचना आली: हॉटेलांसाठी लेट्यूस आणि कोवळे कोंब लावा, पैसे चांगले मिळतील. बैठकीत सगळ्यांचं ऐकलं. पैसे हवेतच, यात दुमत नाही. पण हॉटेल ठरल्या दिवशी ठरलेला माल मागतं, आणि ज्या दिवशी पाणी कमी येईल त्या दिवशी घरची मेथी सुकवून लेट्यूस जगवावा लागेल. ठरलं ते असं: विक्रीला जास्तीत जास्त १२ क्रेट, तेही कोथिंबीर आणि पुदिना, जवळच्या भाजीवालीकडे. विकली नाही तर ती आपल्याच चटणीत जाते. पैसे मजुरीच्या गल्ल्यात.

२० डिसेंबर

तीन कुटुंबं निवारा सोडून भाड्याच्या खोलीत गेली. प्रत्येक कुटुंबाने चार क्रेट आणि मायाळूची देठं मागितली, दिली. दिलेल्या क्रेटांची जागा भरायला जुने क्रेट मिळाले ते तडे गेलेले. तड्यावर गरम सळईने भोकं पाडून तारेने शिवले. नवीन येणाऱ्या कुटुंबांना पहिला महिना फक्त भाजी, कामाचं विचारायचंही नाही.

१२ जानेवारी

थंडीत रोजचा तोल जमला: दिवसाला दीड ते पावणेदोन किलो पालेभाजी. उन्हाळ्यात आणि भर पावसात हा आकडा एक किलोच्या आसपास घसरला होता. पुढच्या वर्षी मे आणि जुलैसाठी मायाळूच्या वेली दुप्पट, अळूची आणखी सहा पिंपं.

बी धरायला ठेवलेलं: भेंडीची पहिल्या बहरातली पाच झाडं, लाल माठाचे दोन क्रेट, चवळी. सुकलेलं बी राखेत घोळून काचेच्या बरणीत, बरणी खालच्या मजल्यावर. वाटपाची वही आणि बियाण्याची बरणी आता निवाऱ्यातल्या दोन बायकांकडे. किल्ली एकच होती, दुसरी करून घेतली. इंजिनिअरची दुसरी तपासणी फेब्रुवारीत. त्याआधी सगळे क्रेट एकदा हलवून खालचा कोबा मोकळा करायचा आहे.